फळ्यावरचे चार तास

आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक फळा आहे. काळाचौकीतल्या बऱ्याच जुन्या चाळींत असतो तसा, भिंतीलाच काळा रंग देऊन केलेला. पाणी किती वाजता येणार, कोण वारलं, सभा कधी आहे, सगळं त्यावर लिहिलं जातं. खडूचा डबा तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी असतो, कारण पप्पांचं अक्षर चांगलं आणि त्यांना पत्रकं लिहायची सवय. गिरणी चालू होती तोवर ते कामगारांची पत्रकं लिहायचे. गिरणी बंद पडल्यावर फणसवाडीतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. तिथे आता लग्नपत्रिका आणि बिलबुकंच जास्त छापतात, पण पप्पा अजून जातात. फळा मात्र त्यांनी काही वर्षांपूर्वी माझ्या हाती दिला. चाळीत एवढे मुलगे असताना तो मला मिळाला याचा मला फार ताठा होता.

मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. पाठकोऱ्या पत्रकांवर गणितं केली. घरात भांडण झालं तरी मी आईला 'जाहीर निषेध' असं लिहून फ्रिजवर चिकटवायची. कॉलेजात वसतिगृहाच्या फीवरून, नंतर आमच्या गल्लीतल्या बंद पडलेल्या दवाखान्यावरून, मी लिहीत आले. लोक म्हणायचे, पोरीच्या हातात आग आहे. हे ऐकायला बरं वाटतं. इतकं बरं वाटतं की आग कुठे लागतेय हे बघायचं राहून जातं.

पप्पांची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. कोणाविरुद्ध पत्रक काढायचं असेल तर छापायला टाकण्याआधी ते हस्तलिखित घेऊन त्याच माणसाकडे जायचे. गिरणीचा लेबर ऑफिसर असो नाहीतर चाळमालकाचा भाडेवसुलीवाला. समोर कागद ठेवायचे आणि म्हणायचे, "हे छापतोय. यात खोटं काय आहे ते सांगा." समोरचा बहुतेक वेळा अंगावर यायचा. पण कधीकधी बोट ठेवून एखादी चूक दाखवायचा, आणि पप्पा तिथल्या तिथे ती ओळ खोडायचे. त्यांचे सोबती चिडवायचे, "ह्यो दुश्मनाकडनं प्रूफ तपासून घेतो." पप्पा हसायचे. पद्धत मात्र त्यांनी कधी मोडली नाही. मी ही गोष्ट भाषणात सांगायचे. टाळ्या पडायच्या.

आता कॉम्प्युटरचं.

मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. खोटं कशाला बोलू, खेळायलाच हवा होता. शाळेत असल्यापासून लालबागच्या एका कॅफेत तासावर खेळत आले होते. तिथल्या खुर्च्या फाटक्या, शेजारचा ओरडणारा, आणि मी एकटी मुलगी म्हणून माझ्या खुर्चीमागे दोघं कायम उभे. मला माझा, माझ्या हातांनी जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. भाषांतराची कामं करून मी पैसे साठवले. पण घरी सांगितलं की पत्रकांच्या मांडणीला, लिखाणाला हवाय. बाहेर बाजारूपणावर आसूड ओढणारी मी, घरात 'खेळायला' हा शब्द उच्चारू शकले नाही. पप्पांनी त्यांचं लिहायचं टेबल रिकामं करून दिलं. माझी पहिली लाज तिथलीच आहे.

सुटे भाग घेतले ते चाळीच्या गेटसमोरच्या दुकानातून. ते दुकान एका काकांचं. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटरवर आले. त्यांचे वडील आणि पप्पा गिरणीत एकाच खात्यात होते. काउंटर म्हणजे एक जुनी कपाटाची फळी, तिच्यामागे स्टुलावर काका, चष्मा कपाळावर. त्यांनीच माझी यादी तपासली, दोन ठिकाणी "एवढं महाग कशाला, हे चालेल" म्हणून खोडलं, आणि लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून एकेक वस्तू आणून ठेवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड. स्क्रीनवरचं चित्र या कार्डावर तयार होतं. गेमसाठी सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात महाग तेच.

शनिवारी सकाळी मी सामान न्यायला गेले.

"मी वर येतो अर्ध्या तासात. जोडून देतो," काका म्हणाले. "त्याचे काय घ्यायचेत तुझ्याकडून."

"नको काका. मीच जोडणार."

"अगं पहिलाच आहे तुझा."

"म्हणूनच. आणि मी मुलगा असते तर तुम्ही असं म्हणाला असतात का?"

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "बरं बाई. मग दोन गोष्टी सांगतो, तेवढ्या ऐक—"

"काका, मी सगळे व्हिडिओ बघितलेत. तीनतीनदा."

त्यांनी हात वर केले, दोन गोष्टी पोटात ठेवल्या, आणि मला खोके उचलायला मदत केली.

आईने दारातच कपाळाला हात लावला. "ह्या काय गो? फ्रीज हाडलंस?"

"कॉम्प्युटर आहे."

"मेल्या कॉम्प्युटराक एवढा मोठा घर? आमका नाय मिळूक ता."

मी जमिनीवर चादर अंथरली. पायात चपला नाहीत, हात खिडकीच्या गजाला लावून घेतलेले, अंगातली वीज भागांना लागू नये म्हणून. प्रोसेसर त्याच्या जागेत बसवला, कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवून. वरची पट्टी दाबताना करकर आवाज आला, तरी मी दाबत राहिले. त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, राईच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, वर पंखा बसवला. रॅम दोन्ही बाजूंनी टक् टक् करून बसली. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये उतरवला, पण एक स्क्रू हरवला. तो आईने केरसुणीने शोधून दिला. मग पुढच्या बटणाच्या त्या केसासारख्या बारीक वायरी. त्या लावताना मी तासभर टॉर्च तोंडात धरून बसले होते. शेवटी ग्राफिक्स कार्डाचा खोका घेतला.

खोक्याचं सील फोडलेलं होतं. गोल चिकटपट्टी मधोमध कापलेली, सफाईने.

क्षणभर मी थांबले, मग म्हटलं जाऊ दे. कार्ड बसवलं, त्याला वीज जोडली, मॉनिटरची केबल मागे लावली, बटण दाबलं.

पंखे फिरले. आत निळा दिवा लागला. आई म्हणाली, "पेटला गो!" आणि मॉनिटरवर आलं: नो सिग्नल.

दुपारी बारा ते तीन मी काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. रॅम काढली, घातली. कार्ड काढलं, पुसलं, घातलं. दर वेळी पंखे फिरायचे आणि स्क्रीन काळीच. तीन वाजता मी त्या फोडलेल्या सीलकडे पुन्हा बघितलं, आणि सगळं कसं स्वच्छ दिसलं. म्हणूनच "एवढं महाग कशाला, हे चालेल". म्हणूनच "मी येऊन जोडून देतो". म्हणजे माझ्यासमोर काहीतरी करून चालू करून दाखवायचं, आणि महिन्याभरात बंद पडलं की हात वर. कुठून तरी परत आलेलं, मेलेलं कार्ड मला नवं म्हणून दिलं होतं. चळवळीतल्या घरातल्या मुलीला!

राग आला की मला वाक्यं सुचतात. तयार, ठसठशीत, एकामागून एक. काकांचं दुकान जिन्यापासून पंचवीस पावलांवर होतं. मी खडूचा डबा घेऊन खाली गेले, आणि जिन्याखालीच थांबले.

'रहिवाशांनो, सावध! आपल्याच गेटसमोरच्या कॉम्प्युटर दुकानदाराने सील फोडलेला, बंद पडलेला माल नवा म्हणून विकला आहे. आज एकाची फसवणूक झाली, उद्या तुमची होईल. शेजारधर्माचा बुरखा पांघरून चाललेल्या या लुटीवर बहिष्कार टाका! – एक जागरूक रहिवासी.'

पप्पा कायम नाव घालायचे. मी घातलं नाही. खडूचा डबा कोणाच्या घरी असतो हे सगळ्या चाळीला माहीत असताना नाव लपवायचं, म्हणजे आधीच डरपोकपणा, त्यात मूर्खपणा. पण तेव्हा मला ते फार बाणेदार वाटलं. दोन पावलं मागे जाऊन मी अक्षर बघितलं. ओळी सरळ आल्या होत्या.

पावणेपाचला दार वाजलं. काका होते. तीन मजले चढून धापा टाकत, एक हात उजव्या गुडघ्यावर. मी भांडायच्या तयारीत उभी राहिले. ते फळ्याबद्दल काहीच बोलले नाहीत.

"बघू कुठंय," म्हणाले.

चप्पल काढून आत आले, टेबलाच्या मागे वाकले, आणि मला वाटतं पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. मॉनिटरची केबल मी वर, मदरबोर्डाच्या भोकात लावली होती. त्यांनी ती उपटली आणि खाली, ग्राफिक्स कार्डाच्या भोकात लावली. दोन्ही भोकं हुबेहूब एकसारखी, एकमेकांपासून वीतभर.

स्क्रीन उजळली.

"तू घेतलेल्या प्रोसेसरात चित्र दाखवायची सोय नाही," ते म्हणाले. "स्वस्त पडतो म्हणून मीच तो सुचवलेला. मग वरच्या भोकातून काही येत नाही. सगळं कार्डातून. ही पहिली गोष्ट होती."

मला दुसरी विचारायचं धाडस नव्हतं. त्यांनीच सांगितली.

"आणि सील मी फोडलं. दुकानात माझ्या मशीनवर लावून बघितलं कार्ड. तीन मजले चढवून नेणार, आणि घरी बंद निघालं तर तुझा हिरमोड. म्हणून."

आईने पाणी आणलं. ते उभ्यानेच प्यायले. मी "काका, मी..." एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य आलं नाही. मला वाक्यं रागातच सुचतात हे त्या दिवशी कळलं.

"पप्पा तुझे मालकालाही विचारून यायचे," ते दारात चप्पल घालत म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "खाली तेवढं बघ."

"हो काका. लगेच."

तेव्हा पाच वाजले होते.

मी लगेच गेले नाही. चूक कळल्यावरही तो मजकूर चार तास तसाच राहिला.

फडकं हातात घेऊन मी गॅलरीत आले. खाली जिन्याशी दोन बायका उभ्या होत्या, फळा वाचत. त्यांच्यासमोर जाऊन पुसायचं म्हणजे त्या विचारणार. म्हटलं, त्या गेल्या की जाते. तोवर कॉम्प्युटरवर विंडोज टाकायला लावून ठेवावं. लावलं. टक्के पुढे सरकायला लागले. पुन्हा गॅलरीत आले तर कामावरून परतणारी माणसं येत होती, थांबत होती, वाचत होती, वर बघत होती. मी कठड्यामागे झाले. म्हटलं, जिना रिकामा होऊ दे. शनिवारी संध्याकाळी आमच्या चाळीचा जिना कधी रिकामा नसतो, हे मला जन्मापासून माहीत आहे.

विंडोज झालं. मग गेम उतरवायला लावला. त्यातही तास गेला, त्या तासात माझे दोन्ही हात रिकामे होते. मी खुर्चीत बसून टक्के बघत होते. मग गेम सुरू झाला. एक डोंगर, त्यावर धुकं, आणि पुढे चालणारी माझी योद्धा मुलगी. तिच्या झग्याची झालर वाऱ्यावर हलत होती. एवढं स्वच्छ चित्र मी कधी बघितलं नव्हतं. हेडफोन लावले. दहा मिनिटं, म्हटलं. फक्त चालतोय का बघते.

आईने दोनदा हाक मारल्याचं ती नंतर म्हणाली. मला ऐकू आली नाही. हेही पूर्ण खरं नाही. एकदा ऐकू आली होती.

पप्पा नऊला आले. खांद्यावरची पिशवी न उतरवता टेबलाजवळ उभे राहिले. मी हेडफोन काढले.

"खालचं तू लिहिलंस?"

"हो. पण ते चुकीचं आहे पप्पा. माझीच चूक होती, केबल चुकीच्या जागी लावली होती. मी पुसणारच होते."

"चुकीचं आहे हे कधी कळलं?"

"सहा... सहा वाजले असतील."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. माझी योद्धा मुलगी डोंगरावर उभी राहून नुसता श्वास घेत होती, खांदे वरखाली करत. पप्पांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"ह्याची पत्रकं होणार होती ना?"

मी गेम बंद केला. त्यांनी पिशवीतून एक पाठकोरा कागद काढला, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ, आणि माझ्यापुढे ठेवला.

"पुसायचं नाही. ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातलं कसं पुसशील? त्याच्याखाली लिही. आधी इथे लिहून दाखव."

मी लिहिलं, 'वरील मजकूर गैरसमजातून लिहिला गेला होता.'

"कोणाचा गैरसमज? गैरसमज काय नळाला येतो? आणि लिहिला गेला म्हणजे? आपोआप गेला?"

मी खोडलं. दुसरा कागद लिहिला, त्यात 'तांत्रिक कारणामुळे' होतं. पप्पांनी लाल पेनाने नुसती एक रेघ मारली, रोज छापखान्यात मारतात तशी. चौथा कागद त्यांनी परत दिला तेव्हा त्यावर खूण नव्हती.

साडेनऊला मी ट्यूबच्या उजेडात फळ्यासमोर उभी राहिले. 'वर लिहिलेलं खोटं आहे. दुकानदाराने दिलेलं कार्ड नवं आणि चालू होतं. सील त्यांनी माझ्यासाठी तपासताना फोडलं होतं. केबल मी चुकीच्या जागी लावली. त्यांना न विचारता मी हे लिहिलं.' आणि खाली माझं नाव. अक्षर वरच्याएवढंच मोठं ठेवायला पप्पांनी सांगितलं होतं. मागे पत्ते खेळणाऱ्या माणसांचा खेळ थांबला होता.

"काय गो ताई," त्यातला एकजण म्हणाला, "जागरूक रहिवासी झोपलेला होता काय?"

सगळे हसले. मी पण हसायला हवं होतं, तर प्रकरण हलकं झालं असतं. जमलं नाही.

प्रकरण तेवढ्यावर संपलंही असतं. पण आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे, पोरांना बसायला एक खोली, तिच्यात सहा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले होते आणि ते काम काकांना मिळणार होतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी सात वाजता कामावरून येताना फळा वाचला आणि साडेसातला काकांना फोन करून सांगितलं की तूर्तास राहू द्या. हे मला रविवारी सकाळी आईकडून कळलं. मी तशीच सेक्रेटरींच्या घरी गेले.

"अगं वाचलं मी तुझं खालचं पण," ते म्हणाले, चहात खारी बुडवत. "पण आठ वाजताच मी परळच्या एकाला शब्द देऊन बसलो ना."

"मग परत घ्या शब्द. चूक माझी आहे, मी सभेत उभी राहून सांगते."

"तू सांगशील. पण कमिटीत एकजण तरी म्हणणारच, काहीतरी असल्याशिवाय पोरगी लिहील का? चळवळीतल्या घरातली पोरगी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या फळ्यावर लोकांचा विश्वास आहे, हीच तर पंचाईत आहे."

तरीही मी सभेत बोलले. शांतपणे ऐकून घेतलं सगळ्यांनी. परळवाल्याचे सहा कॉम्प्युटर आठवड्याभरात आले. चांगले चालतात.

काकांच्या दुकानात मी त्या रविवारीच गेले होते. माफी मागितली, ती त्यांनी मान हलवून घेतली. मी म्हटलं, मी काय करू सांगा. त्यांनी कोणाचा तरी कीबोर्ड उलटा करून त्यातला भुगा झटकला आणि म्हणाले, "कार्डाचा खोका टाकू नकोस. वॉरंटीला लागेल." खोका कपाटावर आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. या वेळी ती पंचवीस पावलं मी चालले. काउंटरवर कागद ठेवला आणि पप्पांचं वाक्य म्हटलं, "हे छापतेय. यात खोटं काय आहे ते सांगा."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि दोन गिऱ्हाइकं थांबवून पूर्ण वाचलं. मी डावा गुडघा लिहिला होता. तो उजवा आहे. तो मी दुरुस्त केला. मग त्यांनी आणखी एका जागी बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं की चूक कळल्यावरही तो मजकूर तीन तास तसाच राहिला.

"चार," ते म्हणाले.

"नाही काका, म्हणजे साधारण..."

"पाचला मी खाली उतरलो. नऊला तुझे पप्पा आले." त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला आणि गेटकडे हात केला. त्यांच्या स्टुलावरून आमच्या जिन्याखालचा फळा सरळ दिसतो. इतक्या वर्षांत मी कधी त्या बाजूने बघितलं नव्हतं. "इथेच बसलेलो होतो मी. कोण थांबतंय, कोण वाचतंय. वाटायचं, आता उतरेल पोरगी."

मी त्यांच्याच काउंटरवरचं पेन घेतलं आणि तीन खोडून चार केलं.